जलविद्युत प्रकल्प आणि नदीतले जीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीकाठी राहणारे लोक, मासेमार, प्रकल्पांवर काम करणारे कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. आमच्या नदीवरचा प्रकल्प पाणी साठवत नाही, वाहत्या पाण्यावरच चालतो. मग नदीला त्रास कसला?

अशा प्रकल्पात बुटका बंधारा पाणी अडवतो, ते कालव्यातून किंवा बोगद्यातून खालच्या विद्युतगृहाकडे जातं आणि तिथे पुन्हा नदीला मिळतं. बंधारा आणि विद्युतगृह यांच्यामधला पट्टा काही शे मीटरांपासून कित्येक किलोमीटरपर्यंत असू शकतो, आणि पाणी कमी असण्याच्या दिवसांत तो जवळजवळ कोरडा पडतो. डोह तेवढे उरतात. त्यांतलं पाणी तापतं, प्राणवायू घटतो. ज्या उथळ खळाळत्या जागी जलकीटक वाढतात आणि मासे अंडी घालतात त्या जागा आधी उघड्या पडतात. शिवाय बंधारा दोनच मीटर उंच असला तरी वीतभर माशाला तो ओलांडता येत नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. ‘वाहत्या पाण्यावरचा’ म्हणवणारे काही प्रकल्प दिवसा काही तास पाणी तुंबवतात आणि विजेची मागणी वाढली की सोडतात. त्यांना प्रश्न 4 पूर्णपणे लागू होतो.

2. नदीत किमान किती पाणी सोडलं म्हणजे पुरेसं?

सगळ्या नद्यांना चालेल असा एक आकडा नाही, पण सुरुवात कुठून करायची ते ठरलेलं आहे. डोनाल्ड टेनंट यांनी 1976 मध्ये मांडलेली पद्धत अजून वापरात आहे. वार्षिक सरासरी प्रवाहाच्या 10 टक्के पाण्यात जीव थोडे दिवस कसेबसे तग धरतात, 30 टक्क्यांच्या आसपास अधिवास बरा राहतो आणि 60 टक्क्यांच्या पुढे उत्तम. या पद्धतीतला 10 टक्क्यांचा आकडा अनेक ठिकाणी कायमचा नियम होऊन बसला. तो मुळात तग धरण्याचा तळ होता, हे सोयीस्कर विसरलं जातं.

वर्षभर एकच आकडा ठेवणंही चुकीचं, कारण मासे चढण्याची आणि अंडी घालण्याची वेळ प्रवाहाच्या चढउताराशी बांधलेली असते. म्हणून टक्केवारी ऋतूनुसार बदलते. भारतात गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी 2018 च्या अधिसूचनेत नोव्हेंबर ते मार्च 20 टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत 25 टक्के आणि जून ते सप्टेंबर 30 टक्के अशी विभागणी आहे, तीही त्या त्या काळातल्या सरासरी प्रवाहाच्या प्रमाणात. पैसा आणि वेळ असेल तर याच्या पुढे जावं. नदीचे छेद मोजून, वेगवेगळ्या विसर्गाला किती खोली आणि किती वेग मिळतो ते काढावं आणि तिथल्या प्रजातींच्या गरजेशी ताडून पाहावं.

3. कागदावर किमान विसर्ग आहे, पण नदी कोरडीच दिसते. असं का होतं?

बहुतेक वेळा कारण साधं असतं. विसर्गासाठी ठेवलेलं भोक किंवा नळ पालापाचोळ्याने आणि गाळाने तुंबलेला असतो. नाहीतर तो इतका वर असतो की पाण्याची पातळी थोडी खाली गेली की त्यातून काहीच येत नाही. तिसरी शक्यता म्हणजे पाणी सुटतं, पण बंधाऱ्याखालच्या खडी-गोट्यांत मुरून जातं.

उपाय असा: विसर्गाचं तोंड टर्बाइनकडे (पाण्याच्या जोरावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राकडे) जाणाऱ्या तोंडापेक्षा खाली ठेवायचं, म्हणजे पाणी कमी झालं तर आधी वीजनिर्मिती थांबेल, नदी नाही. बंधाऱ्याच्या खाली ठरावीक आकाराचा मोजबांध घालून पातळी दर 15 मिनिटांनी आपोआप नोंदवायची. मोजपट्टी अशा जागी हवी की काठावरून कुणालाही वाचता येईल. दरवाजा किती उघडला यावरून काढलेल्या आकड्यावर विसंबू नये. दरवाजा उघडा असूनही समोर ओंडका अडकलेला असू शकतो.

4. पाणी दिवसातून दोनदा अचानक चढतं आणि उतरतं. माशांना याने खरंच इजा होते का?

होते, आणि अनेक नद्यांत हाच सर्वांत मोठा घाव असतो. चढत्या पाण्यात जलकीटक आणि नुकती फुटलेली पिलं वाहून जातात. उतरत्या पाण्यात मासे काठच्या खळग्यांत अडकून पडतात. पिलं नेमकी उथळ, संथ काठालाच असतात, त्यामुळे तीच जास्त मरतात.

हिशेब करून पाहा. काठाचा उतार 2 टक्के असेल आणि पातळी 30 सेंमी उतरली, तर पाण्याची कड 15 मीटर मागे सरते. हे वीस मिनिटांत घडलं तर बोटभर पिलाला खोल पाण्यापर्यंत पोचायला सवडच मिळत नाही. नॉर्वेत सॅमन आणि ट्राउट या माशांच्या पिलांवर झालेल्या प्रयोगांनंतर पातळी तासाला 10 सेंमीच्या आसपास, त्याहून वेगाने नाही, अशा बेताने उतरवण्याचा सल्ला दिला जाऊ लागला. थंड पाण्यात ही पिलं दिवसा गोट्यांखाली दडून बसतात आणि हलत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात पाणी अंधार पडल्यावर उतरवलेलं बरं. उष्ण प्रदेशातल्या माशांची सवय वेगळी असू शकते. तिथे स्थानिक पाहणीशिवाय वेळ ठरवू नये.

करण्यासारख्या गोष्टी, उपयुक्ततेच्या क्रमाने: किमान विसर्ग वाढवणं, म्हणजे काठ मुळात उघडाच पडत नाही, उतरण्याचा वेग बांधून देणं, विद्युतगृहाखाली छोटा समतोल तलाव बांधून लाटा त्यात जिरवणं, आणि अडकण्याचे खळगे चर खणून मुख्य धारेला जोडणं. शेवटचा उपाय स्वस्त म्हणून आधी केला जातो, पण पुढच्या पुरात चर बुजतात.

मोजमाप कुठे घेता यालाही महत्त्व आहे. लाट खाली जाताना पसरत जाते. दहा किलोमीटर खालच्या मोजपट्टीवर उतार सौम्य दिसला तरी विद्युतगृहाजवळ तो तीव्र असू शकतो.

5. ग्रिडमध्ये बिघाड होऊन यंत्र आपोआप बंद पडलं तर? तेव्हा पाणी उतरण्याचा वेग (प्रश्न 4) कसा सांभाळणार?

हा अपवाद बहुतेक परवान्यांत राहून जातो. यंत्र बंद पडताच खालच्या नदीचं पाणी काही मिनिटांत आटतं, आणि सांडव्यावरून नवीन पाणी पोचेपर्यंत वेळ लागतो. पेल्टन टर्बाइनमध्ये (ज्याच्या चाकावर पाण्याचा झोत आदळतो) झोत वळवणारी पट्टी असते. ती झोत चाकावरून बाजूला करते, पाणी मात्र वाहतच राहतं. फ्रान्सिस टर्बाइनला (ज्याचं चाक पूर्ण पाण्यात फिरतं) ही सोय नसते, म्हणून तिथे यंत्राला समांतर झडप बसवावी लागते. यंत्र थांबताच ती आपोआप उघडते आणि मग सावकाश मिटते. नुसती झडप असून भागत नाही, ती वर्षातून किमान एकदा यंत्र खरोखर बंद पाडून तपासावी लागते.

6. माशांसाठी शिडी बांधली की प्रश्न मिटतो ना?

शिडी म्हणजे पायऱ्यांसारखे एकावर एक पाण्याचे हौद. वर चढणाऱ्यांचा प्रश्न तिने काही अंशी मिटतो, खाली येणाऱ्यांचा नाही (प्रश्न 8). शिवाय शिडी कोणत्या माशासाठी बांधली हे निर्णायक ठरतं. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणावर 1938 पासून शिड्या आहेत आणि सॅमन त्या वापरतात, कारण तो जोरकस पोहणारा आणि उडी मारणारा मासा आहे. तीच कल्पना थायलंडमधल्या पाक मून धरणावर नेली. 1994 मध्ये पूर्ण झालेल्या त्या धरणाची शिडी मेकाँग खोऱ्यातल्या माशांच्या फारशी कामी आली नाही, आणि पुढे वर्षातले काही महिने धरणाचे दरवाजेच उघडे ठेवायची वेळ आली.

तळाशी चालणारे आणि उडी न मारणारे मासे असतील तर उभ्या फटींची शिडी किंवा गोट्यांचा नैसर्गिक ओढ्यासारखा वळणमार्ग घ्यावा. फटीची शिडी वरच्या पातळीतला चढउतारही सहन करते. वळणमार्गाचा उतार 1 ते 5 टक्के इतका मंद लागतो, म्हणजे जागा भरपूर हवी.

7. शिडी आहे, तरी मासे चढत नाहीत. काय तपासावं?

आधी तोंड. मासे शिडी शोधत नाहीत, ते प्रवाहाच्या जोरामागे जातात आणि टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या मोठ्या धारेपाशी घुटमळतात. शिडीचं तोंड तिथून पन्नास मीटर खाली असेल तर बहुतेक मासे ते मागे टाकून पुढे जातात आणि भिंतीशी अडतात. तोंड त्यांच्या शेवटच्या थांब्याजवळ हवं, पण फेसाळ उकळीत नको. तोंडातून येणारी धार नदीच्या त्या वेळच्या विसर्गाच्या साधारण 5 टक्के तरी असावी. लहान नदीत 10 टक्के ठेवावी. शिडीतून एवढं पाणी जात नसेल तर जादा पाणी नळाने थेट तोंडाशी आणून सोडतात.

मग टप्प्यांमधला पातळीचा फरक मोजा. फटीतल्या पाण्याचा वेग या फरकावरून थेट निघतो: 10 सेंमीला सेकंदाला 1.4 मीटर, 20 सेंमीला 2 मीटर, 30 सेंमीला 2.4 मीटर. मासा क्षणभराच्या झेपेत सेकंदाला आपल्या लांबीच्या सुमारे दहापट अंतर कापतो असं धरलं, तर 20 सेंमीचा मासा सेकंदाला 2 मीटर वेगापाशी थकतो. आता त्या फटीत एक फांदी अडकली आणि फरक 20 चा 40 सेंमी झाला, तर वेग 2.8 मीटरवर जातो आणि पूर्ण शिडी त्या एका टप्प्यापाशी बंद पडते. म्हणून प्रत्येक टप्प्याचा फरक मोजायचा. सरासरी काढून काहीच कळत नाही.

तिसरी तपासणी हौदातल्या खळबळीची. विसर्ग गुणिले फरक गुणिले 9810 (एक घनमीटर पाण्याचं वजन, न्यूटनमध्ये), भागिले हौदातलं पाणी, हे घनमीटरला वॅटमध्ये उत्तर. अर्धा घनमीटर प्रति सेकंद आणि 20 सेंमी फरक असेल तर 981 वॅट जिरवायचे असतात. सॅमनसाठी घनमीटरला 200 वॅट चालतात, कमजोर माशांसाठी 150 च्या आत राहावं, म्हणजे हौदात किमान साडेसहा घनमीटर पाणी हवं. हौदात गाळ साचला की पाणी घटतं आणि हा आकडा गुपचूप वाढतो. चढणीच्या हंगामात शिडीची सफाई रोज करावी, त्यातही पहिल्या पुरानंतर लगेच.

8. मासे टर्बाइनमधून गेले तर मरतात का?

टर्बाइनवर आणि माशाच्या लांबीवर अवलंबून आहे. पेल्टनमधून मासा वाचत नाही असंच धरा. मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या कॅप्लानमधून (जहाजाच्या पंख्यासारखी मोजकी पाती असलेल्या टर्बाइनमधून) लहान पिलं बहुतांशी वाचतात. फ्रान्सिसमध्ये पाती जास्त आणि फटी अरुंद, त्यामुळे धोका वाढतो. लांब माशाला पातं लागण्याची शक्यता लांबीच्या प्रमाणात चढते.

पात्याचा घाव दिसतो, दाबाचा आतून होतो. 20 मीटर खोलीला रुळलेला मासा हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तिप्पट दाबात असतो. पात्यामागे क्षणभर दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या निम्म्यावर उतरला तर त्याच्या शरीरातली हवेची पिशवी (वाताशय) सहापट फुगते. महसीर किंवा सॅमनसारख्या माशांची पिशवी घशाशी जोडलेली असते, ते थोडी हवा सोडू शकतात. पर्चसारख्या माशांची पिशवी बंद असते, त्यांची ती फुटते.

एकाच धरणाचा आकडा पाहून समाधान मानू नये. प्रत्येक ठिकाणी 80 टक्के मासे वाचले तरी पाच धरणांनंतर 33 टक्केच उरतात.

9. टर्बाइनकडे जाणाऱ्या तोंडाशी जाळी बसवायची तर गजांमधलं अंतर किती ठेवावं?

माशाची जाडी लांबीच्या साधारण 10 टक्के असते, म्हणून 20 मिमी फट 20 सेंमीपेक्षा मोठ्या माशाला अडवते. वामीची जाडी लांबीच्या 3 टक्क्यांच्या आसपास असते. ती 60 सेंमीची असली तरी त्याच फटीतून निसटू शकते. वाम असलेल्या नद्यांत म्हणून 15 मिमी किंवा त्याहून कमी अंतर घेतात.

पण फट अरुंद करून काम संपत नाही. जाळीसमोर पाण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त असेल तर मासा जाळीला चिकटून मरतो. नुकत्या फुटलेल्या सॅमनच्या पिलांसाठी अमेरिकेच्या वायव्य भागात ही मर्यादा 0.12 मीटर इतकी कमी धरतात. वेग कमी हवा म्हणजे जाळीचं क्षेत्रफळ जास्त हवं. म्हणून ती प्रवाहाला तिरकी बसवतात आणि तिच्या खालच्या टोकाशी माशांना बाहेर नेणारा मार्ग देतात. हा मार्ग नसेल तर जाळी हा निव्वळ सापळा. अरुंद जाळी पाचोळ्याने लवकर भरते आणि उरलेल्या फटींत वेग वाढतो, त्यामुळे जाळी साफ करणारा, आपोआप चालणारा दंताळा गृहीत धरूनच खर्च मांडावा.

10. वामीसाठी वेगळं काही करावं लागतं का?

हो. वर चढणारी पिलं उडी मारत नाहीत, ओल्या खडबडीत पृष्ठभागावर सरपटतात. त्यांना ब्रशचे केस लावलेली 30 ते 45 अंशांची घसरण आणि पाण्याची बारीक धार पुरते. शिडीपेक्षा हे कितीतरी स्वस्त. खाली समुद्राकडे जाणारी मोठी वाम मात्र लांब असल्याने टर्बाइनमध्ये हमखास सापडते. युरोपातली वाम मुख्यतः शरद ऋतूतल्या अंधाऱ्या, पावसाच्या, पाणी चढत असलेल्या रात्री निघते. त्या मोजक्या रात्री यंत्रं बंद ठेवली तर नुकसान थोडं आणि फायदा मोठा. एका नदीवर अनेक धरणं असतील तर वर पकडून सर्वांत खालच्या धरणाखाली नेऊन सोडतात.

11. मासे टर्बाइनमध्ये जाऊ नयेत म्हणून सगळं पाणी सांडव्यावरूनच का सोडत नाही?

उंचावरून खोल डोहात कोसळणारं पाणी हवेचे बुडबुडे तळापर्यंत ओढून नेतं आणि दाबाखाली ती हवा विरघळते. पाण्यात वायू गरजेपेक्षा जास्त झाला की माशांच्या रक्तात आणि परांत बुडबुडे धरतात. अमेरिकेत विरघळलेल्या एकूण वायूची सर्वसाधारण मर्यादा 110 टक्के आहे (पाण्यात एरवी हवेतून जितका वायू विरघळतो ते 100 टक्के). प्रत्येक मीटर खोली सुमारे 10 टक्के जास्तीचा वायू सोसायला मदत करते, त्यामुळे खोल पाण्यातला मासा वाचतो आणि उथळ पाण्यातला मरतो. सांडव्याच्या पायथ्याशी आडवा ओठ बांधून धार तळाकडे न जाता पृष्ठभागावर पसरवली की हे बरंच कमी होतं.

12. धरणाखालचं पाणी थंडगार असतं, कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. हे धोक्याचं आहे का?

दोन्ही लक्षणं पाणी जलाशयाच्या तळातून येत असल्याची आहेत. तळाला ऊन पोचत नाही, वरचं पाणी मिसळत नाही, कुजण्यात प्राणवायू संपतो. उपाय म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरून पाणी घेणारे दरवाजे. मात्र कोणतं तापमान हवं हे आधी ठरवा. अमेरिकेतल्या फ्लेमिंग गॉर्ज धरणावर 1978 मध्ये अशी सोय केली ती खालचं पाणी अधिक उबदार व्हावं म्हणून. शास्ता धरणावर 1997 मध्ये केली ती सॅमनच्या अंड्यांना थंड पाणी मिळावं म्हणून. प्राणवायूसाठी टर्बाइनच्या चाकाशी हवा आत ओढून घेणाऱ्या झडपा बसवतात. निर्मितीत थोडी घट येते. विसर्गात लिटरला 5 मिलिग्रॅम प्राणवायू हे सर्वसाधारण लक्ष्य असतं.

13. जलाशयात साचलेला गाळ दरवाजे उघडून एकदाच सोडून दिला तर चालेल ना?

कमी पाण्यात, अंडी घालण्याच्या हंगामात सोडला तर खालचे कित्येक किलोमीटर गुदमरतात. कल्ले भरतात, गोट्यांमधल्या फटी बुजतात आणि आतली अंडी मरतात. गाळ नैसर्गिक पुराबरोबर जावा, कारण नदीतले जीव तेव्हाच्या गढूळपणाला सरावलेले असतात. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीवरच्या जेनिसिया धरणावर वरच्या आणि तळाच्या दरवाजांमधलं पाणी मिसळून गाळाचं प्रमाण बांधून ठेवतात: पूर्ण कामाची सरासरी लिटरला 5 ग्रॅम, कोणत्याही 6 तासांची 10 आणि कोणत्याही अर्ध्या तासाची 15 ग्रॅम.

उलट प्रश्न खडीचा. धरण खडी अडवतं, खाली उपाशी (खडी-गाळ नसलेलं) पाणी तळ खरवडत जातं आणि अंडी घालायला मोठे धोंडे तेवढे उरतात. जर्मनीत ऱ्हाईन नदीवरच्या इफेट्सहाइम बंधाऱ्याच्या खाली 1978 पासून नियमित खडी टाकली जाते. एकदा टाकून भागत नाही. ती वाहून जाते, जायलाच हवी.

14. दुरुस्तीसाठी कालवा किंवा टर्बाइन रिकामं करताना काय काळजी घ्यावी?

पाणी एकदम उपसू नये. आधी वरचं तोंड बंद करा, मग खालचं, म्हणजे नवे मासे आत येणार नाहीत. पंपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. गुडघाभर पाणी उरलं की उपसा थांबवून गाठी नसलेल्या जाळ्याने मासे काढा, हवा सोडलेल्या टाक्यांत ठेवा आणि दोन्ही पाण्यांचं तापमान हळूहळू जुळवून सोडा. काम पहाटे करावं, दुपारच्या उन्हात मासे टाकीतच मरतात. टर्बाइनखालच्या नळीत मासे असतात हे सर्रास विसरलं जातं. शेवटचं पाणी काढण्याआधी माणूस उतरवून बघितलंच पाहिजे. तळाच्या चिखलातले शिंपले हाताने वेचा.

15. मासे सोडून इतर प्राण्यांचं काय?

सिमेंटच्या उभ्या काठांचा कालवा पाणमांजरांपासून हरणांपर्यंत सगळ्यांसाठी जीवघेणा असतो. आत पडलेला प्राणी काठाने पोहत राहतो आणि थकून बुडतो. ठरावीक अंतरावर खडबडीत उतरण ठेवावी आणि तरंगत्या दोरखंडाने प्राण्याला तिच्याकडे वळवावं. उतरण शेवाळून गुळगुळीत झाली की निरुपयोगी.

वाळूच्या बेटांवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत युक्ती उलटी आहे. घरटी बांधण्याआधीच पाणी थोडं चढतं ठेवावं, म्हणजे पक्षी उंच जागा निवडतात. आधी पाणी उतरवून नंतर चढवलं तर अंडी वाहून जातात. सुसरीच्या घरट्यांनाही हाच धोका असतो.

गोड्या पाण्यातल्या बहुतेक शिंपल्यांची पिलं काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. मासे वर पोचले नाहीत तर शिंपलेही पोचत नाहीत.

16. वाट मोकळी करणं नेहमीच चांगलं का?

नाही. खाली परकी किंवा उपद्रवी प्रजाती असेल तर बंधारा तिला रोखत असतो. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांच्या उपनद्यांत सी लँप्री (इतर माशांचं रक्त शोषणारा, वामीसारखा लांब जीव) रोखण्यासाठी मुद्दाम बांध राखले आहेत. दुसरा अपवाद नैसर्गिक धबधब्यांचा. ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवरच्या इताइपू जलाशयात 1982 मध्ये सेते केदास धबधबे बुडाले. ते पराना नदीच्या वरच्या आणि खालच्या माशांना वेगळं ठेवत होते. 2002 मध्ये तिथे सुमारे 10 किलोमीटरचा मत्स्यमार्ग सुरू झाला आणि मिसळण्याला आणखी एक वाट मिळाली. धरणाआधी तिथे मासे चढत होते का, हे पहिल्यांदा विचारा.

17. दरवर्षी मत्स्यबीज सोडलं तर भरपाई होते का?

अधिवास नसेल तर सोडलेलं बीज टिकत नाही, आणि दुसऱ्या खोऱ्यातलं बीज स्थानिक वाणात भेसळ करतं. प्रश्न 2, 4 आणि 13 सोडवल्यावर, स्थानिक माशांपासूनच तयार केलेलं बीज पूरक म्हणून चालेल.

18. धरण काढून टाकलं तर नदी सावरते का?

सावरते, आणि अपेक्षेपेक्षा लवकर. अमेरिकेत एल्वा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 या काळात टप्प्याटप्प्याने काढली. साठलेली वाळू मुखापाशी गेली आणि तिथे नवा किनारा तयार झाला. क्लॅमथ नदीवरची चार धरणं 2024 मध्ये काढून झाली, आणि त्याच शरद ऋतूत सॅमन वरच्या भागात दिसले. मात्र जलाशयातला गाळ दूषित आहे का हे आधी तपासल्याशिवाय हात घालू नये.

19. नदीत मेलेले मासे दिसले तर काय नोंदवावं?

वेळ, जागा, पातळीची ओली खूण आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो. मग लक्षणं पाहा. स्वच्छ कापलेलं शरीर म्हणजे पातं. बाहेर आलेले डोळे किंवा तोंडातून आलेलं पोट म्हणजे दाब (प्रश्न 8). परांत बुडबुडे म्हणजे जास्तीचा वायू (प्रश्न 11). उघडं तोंड आणि ताणलेले कल्ले म्हणजे प्राणवायूची कमतरता (प्रश्न 12). चिखलाने भरलेले कल्ले म्हणजे गाळ (प्रश्न 13). जखम नसलेली, काठच्या खळग्यात वाळलेली पिलं म्हणजे पाण्याचा वेगवान उतार (प्रश्न 4). प्राणवायू सूर्योदयाआधी मोजा, दुपारचा आकडा शेवाळामुळे फसवा असतो. कल्ले लाल असतील तर मासा ताजा आहे, तो बर्फात ठेवून तपासणीला द्या. गोठवू नका, उती फाटतात. आणि नोंदी काठावरूनच घ्या. कोरड्या दिसणाऱ्या पात्रात पाणी कधी सुटेल याचा नेम नसतो.